बावीस सेकंदांत निघून जाणारी शर्यत पाहायची कशी?

सासूबाईंनी मोबाइलवरचा व्हिडिओ पाहिला, मागे नेऊन पुन्हा पाहिला आणि विचारलं, "एवढंच?"

व्हिडिओ बावीस सेकंदांचा आहे, सायकल शर्यतीचा. तेवढ्यासाठी मी जानेवारीत गोव्यातल्या फोंड्याहून रात्रीच्या बसने पुण्याला आणि तिथून पुरंदर तालुक्यातल्या माहेरी गेले होते. रस्ता बंद व्हायच्या आधी जागा धरायची म्हणून वहिनीने पहाटेच भाकऱ्या थापून ठेवल्या होत्या. ऊन वर आलं तशी शाळेची पोरं कागदी झेंडे घेऊन रांगेने आली. अंजिराच्या बागांमधून माणसं बांधाबांधाने रस्त्याला लागली. म्हाताऱ्यांना खुर्च्या टाकून दिल्या. माउलींची पालखी दरवर्षी आमच्या तालुक्यातून जाते, त्यामुळे रस्त्याकडेला वाट पाहत बसायची सवय तिथे लहानथोर सगळ्यांना आहे.

आधी पोलिसांच्या मोटरसायकली गेल्या. मग भोंगे लावलेल्या गाड्या. मग एकदम शांत झालं, इतकं की पलीकडच्या शेतातली मोटर ऐकू येत होती. आणि मग तो आवाज आला. लांबून येणारी सर पत्र्यापर्यंत पोचायच्या आधी जशी ऐकू येते, तसा. दीडशे साखळ्या आणि तीनशे चाकं. हात लांब केला असता तर कोपराला कोपर लागलं असतं, इतक्या जवळून ते गेले. गोरे, काळे, जपान्यांसारखे बारीक डोळ्यांचे, काही आपले. कुणाच्या तोंडावर मिठाचे पांढरे ओघळ होते. एकाने पाण्याची रिकामी बाटली बाजूला टाकली, ती घरंगळत गटाराच्या कडेला आली आणि माझ्या भाच्याने तिच्यावर झडप घातली. सगळे निघून गेले, आणि त्यानंतर वारा आला. माझी ओढणी उडाली, पोरांचे झेंडे एका दिशेला झुकले. माणसं पुढे गेली होती, त्यांनी ढकललेली हवा आता पोचत होती.

मला तिथे भरून आलं. पण परत आल्यावर सासूबाईंना, शेजारच्या काकूंना आणि बारावीतल्या पुतण्याला ते समजेना. "काकी, कोण पुढे होतं ते तरी कळलं का?" असं तो म्हणाला. त्या संध्याकाळी अंगणात बसून जे समजावलं, ते इथे जरा सविस्तर लिहिते. हा खेळ टीव्हीवरही दिसायला लागला आहे, आणि ज्याने कधी पाहिलेला नाही त्याला तो खरोखरच कोड्यासारखा वाटतो.

आधी ही शर्यत कसली, ते

माझ्या माहेरावरून गेली ती 'पुणे ग्रँड टूर'. १९ ते २३ जानेवारी २०२६, पाच दिवस, एकूण ४३७ किलोमीटर. पहिल्या दिवशी शहरात छोटी धाव, एकेकाने सुटायचं आणि घड्याळाशी झुंजायचं. मग चार दिवस चार लांब टप्पे, सगळ्यांनी एकत्र सुटायचं.

सायकल खेळाची जागतिक संघटना म्हणजे यूसीआय. १९०० साली स्थापन झालेली, मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या एगल गावात. ही संघटना प्रत्येक शर्यतीला दर्जा देते. पुण्याच्या शर्यतीचा दर्जा होता २.२. पहिल्या दोनचा अर्थ अनेक दिवसांची शर्यत, दुसऱ्याचा अर्थ तिची श्रेणी. अनेक दिवसांची या दर्जाची शर्यत भारतात पहिल्यांदाच झाली. वरच्या श्रेणीच्या शर्यती फ्रान्स, इटली, स्पेनमधल्या, पण खेळ तोच आणि नियमही बहुतेक तेच.

या खेळाची सगळ्यात नावाजलेली शर्यत म्हणजे टूर द फ्रान्स. ती १९०३ साली एका वर्तमानपत्राने खप वाढावा म्हणून सुरू केली. त्या पहिल्या वर्षी ६० जण सुटले आणि २४२८ किलोमीटर पार करून २१ जण पोचले. आता ती तीन आठवडे चालते, २१ टप्प्यांची असते.

खरी झुंज हवेशी

हा एक मुद्दा पक्का समजला की बाकीची शर्यत आपोआप उलगडते, म्हणून इथे जरा थांबते.

आपल्याकडे सकाळी पोदेर येतो. मागे पावांची टोपली, हातात भोंगा, पों पों करत तो वाड्यावाड्यातून फिरतो. त्याचा वेग ताशी बारा-पंधरा किलोमीटर असेल. या वेगाला हवा आपल्याला जाणवतही नाही. पायाला जोर लागतो तो टोपलीच्या वजनाचा, चढाचा आणि खडबडीत रस्त्याचा.

आता हीच सायकल ताशी पंचेचाळीसने चालवा. तुमच्या पायांतला बहुतेक सगळा जोर फक्त समोरची हवा बाजूला सारण्यात जातो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट. त्या अडथळ्याविरुद्ध लागणारी शक्ती तर घनाने वाढते, म्हणजे आठपट. वेग नुसता दहा टक्क्यांनी वाढवायचा म्हटला तरी हवेसाठी तेहतीस टक्के जास्त शक्ती ओतावी लागते. पायांतला फरक थोडासा दिसतो, छातीतला फार मोठा असतो.

शक्ती म्हणजे किती, हे घरातल्या वस्तूंवरून सांगते. छताचा साधा पंखा ७५ वॅटचा, इस्त्री १००० वॅटची. जगातला उत्तम सायकलस्वार तासभर सलग ४०० वॅटच्या आसपास शक्ती लावू शकतो, म्हणजे पाच पंखे तासभर पायांवर फिरवायचे. शेवटच्या काही सेकंदांच्या झेपेत तो इस्त्रीलाही मागे टाकतो. पण ते काही सेकंदच.

म्हणून सगळे एकमेकांच्या मागे लपतात. पुढचा हवा फाडतो, मागच्याला फाटलेली हवा मिळते. इंग्रजीत याला ड्राफ्टिंग म्हणतात. आपला शब्द 'आडोसा', आणि तो मला जास्त नेमका वाटतो. पावसात आपण भिंतीचा आडोसा घेतो तसा हे लोक पुढच्या माणसाच्या पाठीचा घेतात. पुढच्याच्या मागच्या चाकापासून यांचं पुढचं चाक वीतभर अंतरावर असतं, तेही ताशी पन्नासच्या वेगात.

आडोसा किती कामाचा? २०१८ साली नेदरलँड्समधल्या आइंडहोवन तंत्र विद्यापीठाच्या बर्ट ब्लोकेन यांच्या चमूने १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. संगणकावर गणितं मांडली आणि छोट्या आकाराच्या प्रतिकृती कृत्रिम वाऱ्यासमोर मांडून पडताळली. निष्कर्ष असा की घोळक्याच्या पोटात असलेल्या माणसाला एकट्या माणसाच्या फक्त पाच ते दहा टक्के हवा अडवते. घोळका ताशी ५४ किलोमीटरने धावत असेल तर आतल्या माणसाला हवा लागते ती ताशी बारा-पंधराची. म्हणजे आपल्या पोदेराच्या वेगाची!

या घोळक्याला फ्रेंचमध्ये पेलोटॉन म्हणतात. टीव्हीवर हा शब्द सतत ऐकू येईल. मी पुढे घोळकाच म्हणेन.

आता बावीस सेकंदांचा हिशेब लागतो. ताशी ४५ म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. आडोशासाठी सगळे चिकटून चालतात, त्यामुळे दीडशेहून जास्त माणसं अडीचशे-पावणेतीनशे मीटरांत मावतात. ते अंतर तुमच्या समोरून सरकायला वीस-बावीस सेकंद पुरतात. मी माहेरी उभी होते तो रस्ता सपाट होता. जागा चुकली होती, हे तेव्हा कळलं.

मग मागे लपून शेवटी पुढे जाणं ही लबाडी नाही का?

पुतण्याचा हा पहिला आक्षेप होता, आणि त्याचं कारण मला ठाऊक आहे. गोव्यात आपण २०१९ पासून मिरामारला होणारी आयर्नमॅन ७०.३ पाहत आलो आहोत. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. तिथे आडोसा घेणं हा गुन्हा असतो. सर्वसाधारण स्पर्धकांना पुढच्या सायकलीपासून १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, नाहीतर पंच दंड करतात. कारण तिथे परीक्षा एकट्या माणसाची असते.

रस्त्यावरची सायकल शर्यत हा दुसराच खेळ आहे. इथे आडोसा घ्यायला परवानगी आहे एवढंच नाही, तर तो कुणाला कधी द्यायचा आणि कुणाला नाकारायचा, यावरच सगळा डाव उभा असतो. जो फक्त मागे बसतो आणि पुढे येऊन वारा खात नाही, त्याला बाकीचे ओळखून असतात. पुढच्या वेळी त्याला कुणी सोबत घेत नाही. वेगवेगळ्या संघांचे, एकमेकांना हरवायला आलेले चार जण पुढे पळताना आळीपाळीने वारा अंगावर घेतात. तीस सेकंद तू, तीस सेकंद मी. ज्याची पाळी संपली तो बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जातो. एकमेकांचा भरवसा नसताना हे तास न् तास चालतं, आणि मला या खेळातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते.

आडव्या वाऱ्यात तर हे आणखी रंगतं. बोरीच्या पुलावरून स्कूटर चालवताना नदीवरून येणारा वारा गाडी कसा बाजूला ओढतो, हे फोंडा-मडगाव करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. वारा बाजूने असला की आडोसा सरळ मागे मिळत नाही, तिरकस मागे मिळतो. मग सायकलस्वार रस्त्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत तिरकी रांग लावतात, पंख्याच्या पात्यासारखी. पण रस्त्याची रुंदी ठरलेली. रांगेत दहा-पंधरा जण मावतात, सोळाव्याला आडोसाच उरत नाही. तो कडेला एकटा वारा खात राहतो, हळूहळू त्याच्या पुढे फट पडते, आणि घोळका तुटतो. एखादा हुशार संघ नेमक्या अशा उघड्या माळावर वेग वाढवतो. सपाट रस्ता, कुठे चढ नाही की वळण नाही, आणि तरी दहा मिनिटांत शर्यतीचा निकाल फिरतो.

एकटे पुढे पळणारे येडे असतात का?

घोळका येण्याआधी दोन मिनिटं माझ्यासमोरून चौघे गेले होते. पोरांना वाटलं हेच जिंकणार. मी मनात म्हटलं, बहुतेक नाही.

शर्यत सुटली की काही जण मुद्दाम फुटून पुढे जातात. घोळका त्यांना जाऊ देतो. चौघांना आळीपाळीने वारा खावा लागतो, मागे दीडशे जण ताजे असतात. घोळक्याने मनावर घेतलं तर दर दहा किलोमीटरला साधारण एक मिनिट भरून काढता येतं, असा या खेळातला जुना ठोकताळा आहे. म्हणून मागचे संघ हिशेब करून दोरी ढिली सोडतात आणि शेवटी शेवटी आवळतात.

तरी माणसं पळतात. कधी मागच्या संघांत 'तू ओढ, तू ओढ' होतं आणि हिशेब चुकतो. कधी पाऊस येतो. कधी पुढच्यांच्या पायांत त्या दिवशी काहीतरी वेगळंच असतं. दीडशे किलोमीटर पुढे राहिलेला माणूस शेवटच्या दोनशे मीटरवर पकडला जातो तेव्हा टीव्हीसमोर माझा जीव कळवळतो. आणि वर्षातून काही वेळा तो पकडला जात नाही!

जिंकतो एक, राबतात सात

मोठ्या शर्यतीत एका संघात आठ जण असतात. जिंकायचं एकाने. बाकीचे सात जण त्याच्यासाठी वारा खातात, मागच्या गाडीकडे जाऊन जर्सीत सात-आठ बाटल्या कोंबून आणतात, त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून देतात. अशा साथीदाराला फ्रेंचमध्ये दोमेस्तिक म्हणतात, त्याचा सरळ अर्थ घरगडी. शब्द मला आवडत नाही, पण या लोकांविषयी खेळात फार आदर आहे. टूर द फ्रान्सच्या विजेत्याचं बक्षीस पाच लाख युरो असतं आणि रिवाज असा की ते साथीदारांमध्ये वाटलं जातं.

सासूबाईंना हे लगेच पटलं. त्यांच्या तरुणपणी देवळाच्या जत्रेत नाटकं व्हायची. नायकाच्या नावाने टाळ्या पडायच्या, आणि पडदा ओढणारा, रंग लावणारा, मागून वाक्य सांगणारा अंधारात असायचा. "म्हणजे हे प्रॉम्प्टर," त्या म्हणाल्या. अगदी तेच.

पण पुढे कोण आहे, हे कळायचं कसं?

अनेक दिवसांच्या शर्यतीत रोजच्या वेळांची बेरीज होते. सगळ्यात कमी वेळ ज्याची, तो एकूण विजेता. त्यामुळे रोज पहिला येणं गरजेचं नसतं. एकही टप्पा न जिंकता पूर्ण शर्यत जिंकलेले आहेत. घोळका एकत्र पोचला तर घोळक्यातल्या सगळ्यांना सारखीच वेळ मिळते, पहिल्याला आणि सत्तराव्यालाही. नाहीतर शेवटच्या वळणावर दीडशे जण एकमेकांना ढकलत सुटले असते.

आघाडीवर असलेल्या माणसाला वेगळ्या रंगाची जर्सी देतात, रस्त्याकडेच्या माणसाला तो ओळखू यावा म्हणूनच. टूर द फ्रान्समधला पिवळा रंग १९१९ चा. शर्यत भरवणारं वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापलं जायचं, त्यावरून आला. चढांवर पुढे राहणाऱ्याला लाल ठिपक्यांची जर्सी असते. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. ती पदवी ऐकतच मी मोठी झाले.

वेळेचे फरक किती बारीक असतात त्याचं एक उदाहरण पुतण्याला सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवून ऐकायला लागला. १९८९ ची टूर द फ्रान्स. शेवटचा दिवस, व्हर्सायहून पॅरिस, साडेचोवीस किलोमीटर, एकेकट्याने. फ्रान्सचा लोराँ फिन्यों अमेरिकेच्या ग्रेग लमाँडच्या ५० सेकंद पुढे होता. एवढ्या कमी अंतरात ५० सेकंद भरून निघणार नाहीत, असंच सगळे धरून होते. लमाँडने हँडलला पुढे लांब दांड्या लावल्या होत्या, त्यावर कोपरं टेकून तो वाकला, डोक्यावर मागे निमुळतं होणारं हेल्मेट होतं. फिन्यों उघड्या डोक्याने निघाला, त्याची शेंडी वाऱ्यावर उडत होती. लमाँडने फिन्योंपेक्षा ५८ सेकंद कमी घेतले. तीन आठवडे आणि ३२०० किलोमीटरांहून जास्त अंतरानंतर फरक पडला ८ सेकंदांचा. दुसरीही कारणं सांगतात, पण त्या दिवशी एकाने हवेचा विचार केला होता आणि दुसऱ्याने नाही, हे चित्रफितीत स्पष्ट दिसतं.

बावीस सेकंदांसाठी रस्ता दोन तास बंद?

काकूंचा हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो न पाहणाऱ्यांच्या वतीने आहे.

तुम्हाला घोळका बावीस सेकंद दिसतो, पण शर्यत रस्त्यावर खूप लांब पसरलेली असते. पुढे रस्ता मोकळा करणारे पोलीस. मग प्रायोजकांच्या गाड्या, टूर द फ्रान्समध्ये १९३० पासून त्यांची मिरवणूकच निघते. मग संचालकाची गाडी, पंच, फुटलेले पुढचे सायकलस्वार, घोळका, डॉक्टर. त्यामागे प्रत्येक संघाची गाडी, टपावर जास्तीच्या सायकली. शेवटी थकून मागे राहिलेले एकटेदुकटे, आणि अगदी शेवटी शर्यत सोडणाऱ्यांना उचलून घेणारी गाडी. तिला 'झाडूगाडी' म्हणतात. ती गेली की रस्ता खुला. चांगल्या नियोजनात बंदी शर्यतीबरोबर पुढे सरकते आणि मागचा भाग मोकळा होत जातो.

तरीही त्रास होतो, ते मी नाकारणार नाही. सकाळी नुस्तं, म्हणजे मासे, घेऊन फिरणाऱ्याची गाडी दोन तास अडली तर त्याचा दिवस बुडतो. डायलिसिसला निघालेल्या माणसाला पर्यायी रस्ता आदल्या आठवड्यात माहीत असायला हवा, त्या सकाळी नव्हे. वेळापत्रक वाड्यावाड्यात पोचवणं हे आयोजकांचं काम आहे, आणि शर्यत बघायला तिकीट नाही म्हणून ते टाळता येत नाही.

आणि औषधं घेऊन जिंकतात त्याचं काय?

घेत होते, आणि फार मोठ्या प्रमाणावर. लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं २०१२ साली काढून घेतली गेली. २००८ पासून खेळाडूंच्या रक्ताची नोंद वर्षानुवर्षं ठेवतात आणि त्यात अचानक बदल दिसला की चौकशी होते. सगळं स्वच्छ झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तो काळ आणि आजचा काळ एक नाही.

उद्या आपल्या गोव्यातून गेली तर

"आधी खड्डे बुजवा, मग शर्यती भरवा," असं कुणीतरी म्हणेलच, आणि ते खरं आहे. या सायकलींचे टायर जेमतेम तीन सेंटिमीटर रुंद असतात. घोळक्यातल्या माणसाला समोर फक्त पाठ दिसते, रस्ता दिसत नाही. पुढच्याने चुकवलेला खड्डा मागच्याला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. आपले गतिरोधक, रस्त्यात बसलेली गुरं, मध्येच संपणारी डांबराची कड, हे सगळं आधी नीट करावं लागेल. पुण्याला शर्यतीसाठी रस्ते नव्याने केले गेले आणि माझ्या भावाचा दुधाचा टेम्पो आजही त्यावरून जातो.

माझं मत विचाराल तर शर्यत किनाऱ्यावर नेऊच नये. हंगामात तिथे आधीच श्वास घ्यायला जागा नसते. तिने सत्तरीतून जावं, सांगे-केप्यातून जावं, चोर्ल्याचा घाट चढावा. पुरुषांबरोबर बायकांचीही व्हावी. टूर द फ्रान्सने बायकांची आजची टप्प्यांची शर्यत २०२२ मध्ये सुरू केली, आपण तेवढं थांबायचं कारण नाही.

आणि बघायला उभं राहायचं ते चढावर. चढावर वेग ताशी वीसच्या खाली येतो, हवेचा अडथळा कमी होतो आणि आडोशाला फारशी किंमत उरत नाही. सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही असा नियम आहे, म्हणजे तिथेही कुणाला फार सवलत नाही. उरतं फक्त माणसाचं वजन आणि त्याचे पाय. घोळका विरतो, एकेक जण सुटा होतो, आणि बावीस सेकंदांची दहा-पंधरा मिनिटं होतात. चेहरे दिसतात. श्वास ऐकू येतो.

फक्त रस्त्यात पाऊल टाकायचं नाही, पाठ फिरवून सेल्फी काढायची नाही. २०२१ च्या टूर द फ्रान्समध्ये पहिल्याच दिवशी एका बाईने टीव्हीच्या कॅमेऱ्याला दिसावा म्हणून पुठ्ठ्याचा फलक रस्त्यात पुढे धरला. त्यावर आजी-आजोबांसाठी निरोप होता. एक सायकलस्वार त्याला धडकला आणि मागचे कितीतरी जण एकावर एक कोसळले. तिला कोर्टाने १२०० युरो दंड केला. लहान मुलाचा हात धरून ठेवा, कुत्रा घरी बांधा. घोळक्याला थांबता येत नाही.

सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. मग फडताळावरची ती बाटली हातात घेतली. भाच्याने मोठ्या मनाने मला दिली होती. तिच्या तोंडाशी दातांच्या खुणा आहेत, चालवता चालवता दातांनी उघडल्याच्या. त्यांनी बोटाने त्या खुणा चाचपल्या आणि विचारलं, "फर्मागुडीच्या चढावर खुर्ची टाकून बसता येईल का गं?"

येईल, मी म्हटलं. वळणाच्या आतल्या बाजूला नाही, बाहेरच्या बाजूलाही नाही. वळण संपून चढ सरळ होतो, तिथे कडेला झाडाखाली. दुरून येताना दिसतील, आणि बराच वेळ दिसत राहतील.